चिंबोराझोचे वाटाडे

इक्वेडोर देशातील चिंबोराझो नामक ज्वालामुखी पर्वताच्या अंगावर गिर्यारोहकांसाठी बांधलेली दोन आश्रयगृहे आहेत. खालचे सुमारे ४,८०० मीटर उंचीवर आणि वरचे सुमारे ५,००० मीटरांवर. खालच्या घरास 'कारेल बंधू' असे नाव दिलेले आहे, वरच्यास 'एडवर्ड व्हिंपर' असे. आणि त्याहून वर, ६,२६३ मीटरांवर जे सर्वोच्च शिखर आहे त्यासही व्हिंपरचेच नाव आहे. वस्तुतः इ. स. १८८० मध्ये ह्या शिखरावर मानवाचे पाऊल प्रथम पडले, तेव्हा दोराच्या पुढच्या टोकास कारेल होता. शिवाय ज्यांना 'बंधू' म्हटले आहे ते सख्खे भाऊ नव्हतेच. एकाच खोऱ्यातले, एकाच आडनावाचे भाऊबंद होते. वाटाड्याचे नाव घरास दिले, पण खालच्या घरास दिले, आणि तेही चुकवून दिले. ह्या गोष्टीने आमचे कुतूहल जागे केले, आणि अँडीज पर्वतावरील आरोहणांचे वृत्तांत आम्ही वाटाड्यांच्या बाजूने पुन्हा वाचावयास घेतले. ही शिखरे आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाहीत हे आरंभीच सांगणे बरे. वाचकांसमोर ठेवतो आहोत ते वाचनाचेच फळ.

अँडीजची रांग दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेपासून दक्षिण टोकापर्यंत गेलेली आहे. सागराच्या तळाचा कवच ह्या खंडाखाली शिरत असल्याने रांगेत जागोजाग ज्वालामुखी उभे राहिले. पृथ्वीवरील सर्वांत उंच ज्वालामुखी, ओहोस देल सालादो (६,८९३ मीटर), हा चिली व अर्जेंटिना यांच्या सीमेवर आहे, त्यावर इ. स. १९३७ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश गिर्यारोहक प्रथम चढले. चिंबोराझो त्याहून सहाशे मीटरांनी ठेंगणा. परंतु पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे भूगोलाच्या केंद्रापासून मोजू लागल्यास चिंबोराझोचा माथा एव्हरेस्टपेक्षाही सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर भरतो. अठराव्या शतकात तर युरोपातील विद्वान ह्यासच जगातील सर्वोच्च पर्वत समजत. ती समजूत मोडली ती आपल्याकडील हिमालयाने: धवलगिरीची उंची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोजली गेली, आणि चिंबोराझोचा मान गेला.

त्या पर्वतांच्या पायथ्याशी राहणाऱ्या किचुआ भाषिकांना मात्र ह्या मोजमापांशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या लेखी चिंबोराझो हा 'ताइता', म्हणजे पिता. आणि पूर्वेकडील तुंगुराहुआ नावाचा ज्वालामुखी ही त्याची पत्नी, 'मामा तुंगुराहुआ'. (आमच्या वाचकांनी दचकू नये, त्या भाषेत मामा म्हणजे आई.) पर्वतास नातेवाईक मानणारा मनुष्य त्याच्या माथ्यावर पाय ठेवावयास सहसा जात नाही, ही भावना कैलासाची प्रदक्षिणा करून परतणाऱ्यांच्या देशात समजावून सांगण्याची गरज नाही. आणि ह्याच उतारांवर जे बटाट्याचे पीक होते तो बटाटा मुळातला अँडीजचाच. पोर्तुगीजांबरोबर त्याचे नाव आपल्या भाषेत आले, आणि आज एकादशीच्या ताटात त्याच्यावाचून चालत नाही!

परंतु अँडीजमधील लोक पर्वतावर चढतच नसत असे मात्र मुळीच नव्हे. दक्षिणेकडे इंकांच्या साम्राज्यात पूजेसाठी माथ्यापर्यंत जाण्याची रीत होती. चिली-अर्जेंटिना सीमेवरील युयाइयाको हा ज्वालामुखी ६,७३९ मीटर उंच आहे. इ. स. १९५२ मध्ये दोन चिलियन गिर्यारोहक तेथे चढले, तेव्हा आपल्याआधी कोणी येऊन गेले आहे असे त्यांस आढळले: माथ्याजवळ दगडी बांधकामाचे अवशेष होते. इ. स. १९९९ च्या मार्चमध्ये जोहान राइनहार्ड व कोन्स्तान्सा सेरुती ह्या संशोधकांना तेथील भूमीत तीन बालकांचे देह सापडले; सुमारे तेरा वर्षांची एक मुलगी, आणि चार ते सहा वर्षांची दोन लहान मुले. पाचशे वर्षांच्या थंडीने ते जसेच्या तसे राखले होते. ही पर्वतास दिलेली बालके होत. मोठ्या मुलीच्या केसांची परीक्षा करून, अखेरच्या वर्षात तिला कोकाची पाने व मक्याची मदिरा अधिकाधिक दिली जात होती, असे संशोधकांनी इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. हे देह आता अर्जेंटिनातील साल्ता येथील संग्रहालयात आहेत, आणि त्यांचे प्रदर्शन मांडू नये असे तेथील मूळ रहिवाशांपैकी अनेकांचे म्हणणे आहे. ते म्हणणे आम्हांस पटते. पण त्या बालकांना वर नेले कोणी? कोणीतरी वाट जाणणारा पुढे असलाच पाहिजे. बरोबर भार वाहणारे असले पाहिजेत. आणि ही माणसे पावणेसात हजार मीटरांवर जाऊन परतली असली पाहिजेत. आल्प्समधील माँ ब्लाँ, जो पाच हजार मीटरही भरत नाही, त्यावर युरोपीय मनुष्य इ. स. १७८६ मध्ये पहिल्यांदा चढला. त्या आधी तीन शतके हे घडलेले होते, आणि त्या वाटाड्यांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही.

स्पॅनिश लोक आल्यावर उंचीच्या त्रासाची नोंद लेखी झाली. होसे दे आकोस्ता ह्या पाद्र्याने पेरूतील पारियाकाका घाट ओलांडताना आपणांस कशी प्राणांतिक ओकारी झाली ते लिहून ठेवले, आणि तेथील हवा माणसाच्या श्वासास पुरी पडणार नाही इतकी विरळ आहे असा तर्क केला. त्याचे पुस्तक इ. स. १५९० मधले आहे. तर्क बरोबर होता हे प्रयोगाने सिद्ध व्हावयास पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा १८७८ चा ग्रंथ यावा लागला. ह्या विकारास तेथील लोक 'सोरोचे' म्हणतात.

अठराव्या शतकात पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी फ्रेंच विद्वानांची मंडळी क्वितो प्रांतात आली. त्यांपैकी बुगेर व ला कोंदामीन ह्यांनी इ. स. १७३८ मध्ये चिंबोराझोच्या उतारावर ओळंबा टांगून पर्वताचे वस्तुमान त्यास किती ओढते ते पाहिले. पुढे हिंदुस्थानच्या मोजणीत हिमालयाच्या ओढीने ओळंबा ढळण्याचा जो प्रश्न उद्भवला, त्याचे मूळ येथे आहे. माथ्यावर जाण्याचा मात्र त्यांचा उद्देश नव्हता.

तो उद्देश घेऊन आला अलेक्झांडर फोन हंबोल्ट. इ. स. १८०२ च्या जूनच्या २३ तारखेस तो, त्याचा सहकारी बाँप्लाँ आणि क्वितोचा तरुण उमराव कार्लोस मोंतुफार असे तिघे चढू लागले. हिमरेषेपाशी बरोबरची स्थानिक माणसे परतली. सान हुआन ह्या खेड्यातील एक मिश्रवर्णीय मनुष्य तेवढा राहिला. अरुंद धारेवरून, धुक्यातून, हातापायांवर रांगत हे चौघे गेले. ओठ व हिरड्यांतून रक्त येऊ लागले, डोळे लाल झाले. अखेर एका रुंद घळीने वाट अडवली. तोवर ते साडेपाच हजार मीटरांच्या वर पोहोचले होते. ह्या चढाईच्या जोरावर हंबोल्टची कीर्ती युरोपभर झाली, आणि वनस्पतींचे पट्टे उंचीप्रमाणे कसे बदलतात हे दाखविणारे त्याचे चिंबोराझोचे चित्र आजही भूगोलाच्या ग्रंथांत असते. मोंतुफार पुढे स्वातंत्र्ययुद्धात पडला. स्पॅनिश सैन्याने त्यास १८१६ मध्ये गोळ्या घातल्या. सान हुआनच्या त्या माणसाचे पुढे काय झाले? तो चौथा होता, तोही तितकाच वर गेला होता, पण हंबोल्टच्या वृत्तांतात तो गावाच्या नावानेच येतो आणि गावाच्या नावानेच जातो. १८३१ मध्ये बूसिंगो व कर्नल हॉल हे दोघे सहा हजार मीटरांच्या आसपास गेले, आणि तेही परतले.

आता व्हिंपरकडे येऊ. हा मूळचा लंडनचा लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. आल्प्सची चित्रे काढावयास म्हणून गेला आणि गिर्यारोहक झाला. मॅटरहॉर्न ह्या अजिंक्य शिखराच्या मागे तो लागला, तेव्हा इटलीच्या बाजूस वाल्तूरनांश गावी त्याला झाँ-आंत्वान कारेल भेटला: सैन्यात राहून आलेला, मानी, आणि मॅटरहॉर्न आपल्याच खोऱ्यातून जिंकला जावा असे मनापासून वाटणारा. दोघे कधी एकत्र चढत, कधी एकमेकांवर डाव करीत. इ. स. १८६५ च्या जुलैत कारेल इटालियन मंडळींना बांधला गेला म्हणून व्हिंपर स्वित्झर्लंडच्या बाजूने गेला आणि १४ तारखेस माथ्यावर पोहोचला. खाली कारेलची तुकडी दिसली, तेव्हा तिचे लक्ष वेधण्यासाठी ह्याने वरून दगड लोटले. उतरताना व्हिंपरच्या सातांपैकी चौघे दोर तुटून दरीत गेले. तीन दिवसांनी कारेल आपल्या वाटेने माथ्यावर गेलाच.

अशा माणसास व्हिंपरने पुढे चौदा वर्षांनी अँडीजसाठी निवडले. ह्यातच दोघांचीही योग्यता दिसते असे आम्हांस वाटते. व्हिंपरला खरे तर हिमालयात यावयाचे होते. विरळ हवेचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो ते त्यास पाहावयाचे होते, आणि त्यासाठी हिमालयाहून योग्य जागा कोणती? परंतु हिंदुस्थानच्या सरकारचा त्या सुमारास वायव्य सरहद्दीवर जो उद्योग चालला होता, त्यामुळे तो बेत सोडावा लागला. मग चिली, पेरू व बोलिव्हिया ह्यांचा विचार केला, तर त्यांच्यात १८७९ मध्ये युद्ध पेटले. उरला इक्वेडोर. कारेलने आपल्याबरोबर लुई कारेल ह्या भाऊबंदास घेतले, आणि तिघे त्या वर्षीच्या डिसेंबरात ग्वायाकील बंदरात उतरले.

चिंबोराझोवरील दुसरा तळ १६,६६४ फुटांवर पडला. तेथे पोहोचताच व्हिंपर व दोघे कारेल, म्हणजे त्या काळातील जगातले तीन अव्वल गिर्यारोहक, आडवे झाले. डोके फुटेल अशी वेदना, अंगात ताप, श्वास पुरेना, अन्न दिसले की शिसारी. आणि गंमत अशी की बरोबर पेरिंग नावाचा एक इंग्रज दुभाषी होता, तो मूळचाच अशक्त, सपाट रस्त्यावर चार पावले टाकली की बसू पाहणारा. त्याला विशेष काही झाले नाही. तोच विस्तव पेटता ठेवी आणि बर्फ वितळवून पाणी देई. व्हिंपरने बरोबर आणलेले औषध घेतले. कारेलचा मात्र औषधांवर भरवसा नव्हता, त्याच्या मते चांगली द्राक्षमदिरा हाच सर्व रोगांवर उतारा. ते कसेही असो, काही दिवसांत तिघे उठले. ह्या अनुभवावरून व्हिंपरने काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे: उंचीचा पहिला तडाखा सवयीने ओसरतो, पण बळ कमी होते ते मात्र पूर्ववत होत नाही. आजचे वाटाडे आपल्या माणसांना प्रथम लहान शिखरांवर फिरवून मगच चिंबोराझोकडे का नेतात, त्याचे कारण ह्यातच आहे.

तिसरा तळ १७,२८५ फुटांवर होता. जानेवारीच्या ३ तारखेस वाऱ्याने परतविले. ४ जानेवारी १८८० रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास ते निघाले, आणि अकरा वाजेपर्यंत कड्यांच्या वर आले. माथा जणू हाताशी आला. पण चिंबोराझोला दोन घुमट आहेत, आणि त्यांच्यामधल्या पठारावर भुसभुशीत बर्फ असे की मनुष्य कमरेपर्यंत रुतावा. कारेल पुढे होऊन बर्फ थोपटी, दाबी, आणि मग हातापायांवर त्यावरून सरके. त्याच्यामागे दुसरे दोघे. अशा रीतीने ते पश्चिमेकडील घुमटावर गेले, आणि पाहतात तो दुसरा घुमट उंच! पुन्हा खाली उतरून, पुन्हा तेच पठार तुडवून, दुपारी पावणेचार वाजता खऱ्या माथ्यावर पोहोचले. तेथे वायुभारमापकातील पारा समुद्रकाठच्या निम्म्याहूनही खाली होता. आमच्या मते ह्या आरोहणातील खरी चढाई म्हणजे ती पठारावरील चार-पाच तासांची वाट. आणि ती वाट कारेलच्या हातांनी झाली. अंधारात, रात्री नऊनंतर, ते तळावर आले. लुईचे पाय हिमदंशाने इतके बिघडले की पुढे कित्येक दिवस त्यास धड चालता येईना.

ही तिघांची जोडी पुढे सहा महिने त्या देशात होती, आणि आंतिसाना, कायांबे इत्यादी शिखरांवर त्यांनी प्रथम पाय ठेवला. त्या सर्वांचे वर्णन करण्याचे कारण नाही. मात्र कोटोपाक्सीची रात्र सांगितलीच पाहिजे. हा ५,८९७ मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी. त्यावर विल्हेल्म राइस हा जर्मन भूशास्त्रज्ञ आंखेल एस्कोबार ह्या कोलंबियन सोबत्यासह १८७२ मध्येच चढला होता. व्हिंपरला तेथे केवळ चढावयाचे नव्हते, राहावयाचे होते. १८ फेब्रुवारी १८८० रोजी विवराच्या काठाजवळ राखेच्या उतारावर त्यांनी तंबू ठोकला. खालची जमीन गरम, वर कडाक्याची थंडी, आणि तंबूतील रबरी अंथरुणास गरमीने वास सुटलेला. रात्री दोराच्या आधाराने ते काठापर्यंत सरपटत गेले. विवरात काय आहे ते पाहण्यासाठी व्हिंपरने डोके पुढे काढले, तेव्हा कारेलने मागून त्याचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले होते. खाली बाराशे फुटांवर निखाऱ्यासारखा तळ. हे दृश्य व्हिंपरच्या ग्रंथात चित्रासह आहे, आणि त्यात त्याने कारेलने पाय धरल्याचे प्रांजळपणे लिहिले आहे. हंबोल्टपेक्षा व्हिंपर आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो ह्यामुळे. पाय धरणाऱ्याचे तोंड त्या विवराकडे नव्हते. त्याने काय पाहिले ते कोणी विचारले नाही.

चिंबोराझोवर चढल्याची वार्ता पुष्कळांना खरी वाटेना. तेव्हा व्हिंपरने ३ जुलै १८८० रोजी दुसऱ्या बाजूने पुन्हा चढाई केली, आणि ह्या वेळी दोघा कारेलांबरोबर दाविद बेल्त्रान व फ्रान्सिस्को हाविएर काम्पान्या हे दोन इक्वेडोरवासी नेले. पहाटे चढत असता साठ मैलांवरील कोटोपाक्सीतून काळ्या राखेचा स्तंभ सरळ आकाशात उठला, वर जाऊन वाऱ्याने त्यांच्याच दिशेस वळला. सूर्य त्या राखेआड हिरवा दिसू लागला! ते माथ्यावर असतानाच ती राख चिंबोराझोच्या शुभ्र बर्फावर पडू लागली. खाली आल्यावर काम्पान्याने आपण प्रत्यक्ष माथ्यावर गेलो होतो असे ग्वायाकील येथे ब्रिटिश वकिलापुढे शपथेवर लिहून दिले, आणि व्हिंपरने ते आपल्या पुस्तकात छापले. साहेबांच्या शब्दास स्थानिक माणसाच्या शपथेचा आधार घ्यावा लागला, असा प्रसंग त्या काळच्या ग्रंथांत विरळा. त्या शपथेपायीच काम्पान्याचे नाव राहिले. सान हुआनचा मनुष्य शपथ घेण्यास कोणी बोलावला नाही.

दक्षिणेकडे १८९७ मध्ये ह्याहून चमत्कारिक घडले. फिट्झजेराल्ड हा इंग्रज अकोंकाग्वा जिंकावयास गेला. पोटाच्या विकाराने व उंचीने तो पुनःपुन्हा मागे फिरला, आणि जानेवारीच्या १४ तारखेस त्याचा स्विस वाटाड्या मातियास त्सुरब्रिगेन एकटाच माथ्यावर गेला. ह्याच त्सुरब्रिगेनने १८९२ मध्ये कोनवेबरोबर काराकोरम पाहिला होता. त्याच वर्षीच्या एप्रिलात स्टुअर्ट व्हाइन्ससह तो तुपुंगातो ह्या ज्वालामुखीवरही प्रथम पोहोचला. फिट्झजेराल्ड अकोंकाग्वाच्या माथ्यावर कधीच गेला नाही, पण मोहीम त्याच्या नावाची.

आजची रीत सर्वस्वी निराळी झाली आहे. इक्वेडोरच्या हिमाच्छादित शिखरांवर मान्यताप्राप्त वाटाड्यावाचून जाऊ देत नाहीत. चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, कारण ऊन चढले की बर्फ मऊ होते आणि कड्यांवर गोठून धरलेले दगड सुटू लागतात. सूर्योदयास माथा गाठून सकाळीच उतरावे लागते. केव्हा परत फिरावयाचे ते वाटाड्या ठरवितो. तरीही १९९३ च्या नोव्हेंबरात चिंबोराझोवर बर्फाचा कडा कोसळून दहा गिर्यारोहक गेले, आणि २०१५ मध्ये कोटोपाक्सी जागा झाल्यावर त्याची वाट दोन वर्षे बंद होती. चिंबोराझोच्या हिमनदीवरून बर्फाच्या लाद्या तोडून गाढवांवरून बाजारात आणण्याचा पिढीजात धंदा करणारा अखेरचा मनुष्य, बाल्तासार उश्का, २०२४ मध्ये ऐंशीच्या घरात वारला. बाजारासाठी तो उभा जन्म त्या बर्फापर्यंत गेला आणि परतला.

कारेलविषयी सांगावयाचे राहिले. अँडीजहून परतल्यावर तो आपल्या खोऱ्यात वाटाड्याचेच काम करीत राहिला. इ. स. १८९० च्या ऑगस्टात, साठी उलटल्यावर, तो लेओने सिनिगालिया ह्या तूरीनच्या तरुण संगीतकारास घेऊन मॅटरहॉर्नवर गेला. वादळाने त्यांना वरच्या झोपडीत कोंडले. शिधा व सरपण संपत आले, तेव्हा कारेलने उतरावयाचे ठरविले, आणि दोर गोठलेले, दगड बर्फाने मढलेले, अशा स्थितीत वीस तासांच्या आसपास तो पुढे राहून सोबत्यांना खाली आणीत होता. कड्यांचा धोका संपला, गवताची जमीन जवळ आली, तेव्हा तो मागे पडू लागला. सोबत्यांनी हाक मारून काय झाले म्हणून विचारले. थोड्याच वेळात तो तेथे गेला. त्या जागी आता एक क्रूस उभा आहे, आणि इटलीच्या बाजूने मॅटरहॉर्नवर जाणारी पायवाट त्याच्याजवळून जाते.